राजाच्या पंक्तीतील मासा

मराठी भाषेच्या आरंभकाळाचा इतिहास ज्यांनी वाचला असेल, त्यांना कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर हा निदान नावाने तरी परिचित असेल. शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ मध्ये सिद्ध झालेल्या त्याच्या 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात गीतांचे प्रकार सांगताना देशी भाषांतील काही उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांत मराठीच्याही काही ओळी आहेत. आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी त्या ओळींचे मोठे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. त्या ओळींचा विषय विष्णूच्या अवतारांचा. त्यांत रसातळातून वेद वर आणणाऱ्या मत्स्याचे स्तवन आहे. ज्या राजाने हे मत्स्यस्तवन टिपून ठेवले, त्याच राजाने त्याच ग्रंथात मासा पाण्यातून कसा काढावा आणि काढल्यावर तो कढईत कसा तळावा हेही तितक्याच मनःपूर्वकतेने लिहून ठेवले आहे. पहिल्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. दुसरीची मराठीत फारशी झाली नाही. आजचे भाषण या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

सोमेश्वराची कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जिथे एकमेकींच्या अंगणात नांदतात, अशा मुलखातले हे गाव. ग्रंथाच्या छपाईचा इतिहासही असाच दोन्हीकडे विभागलेला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली निघाला, दुसरा १९३९ साली, तिसरा १९६१ साली. इकडे म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातर्फे आर. शामशास्त्री यांनी, म्हणजे ज्यांच्या हाती कौटिल्याचे अर्थशास्त्र प्रथम लागले त्याच पंडितांनी, 'अभिलषितार्थचिंतामणि' या नावाने त्याचा काही भाग १९२६ साली छापला. एकाच राजाचा एकच ग्रंथ एकाच सुमारास मराठी आणि कन्नड अशा दोन्ही दरबारांच्या आश्रयाने उजेडात यावा, ही गोष्ट बंगळूरमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला सुखावणारी आहे.

ग्रंथाची रचना राजाच्या शिस्तीची आहे. वीस-वीस अध्यायांच्या पाच 'विंशती', एकूण शंभर अध्याय. राज्य मिळवावे कसे, मिळालेले टिकवावे कसे, टिकल्यावर उपभोगावे कसे, मन रमवावे कसे आणि खेळावे कसे, असा हा क्रम. यांपैकी उपभोगांच्या विंशतीत 'अन्नभोग' आहे आणि विनोदांच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' आहे. म्हणजे मासा या ग्रंथात दोनदा भेटतो : एकदा गळाला लागलेला, एकदा पानात वाढलेला. या दोन भेटींच्या मधले जे अंतर आहे, पाण्याच्या काठापासून चुलीपर्यंतचे, तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. आणि राजाने नेमके तेच सर्वांत थोडक्यात आटोपले आहे.

मत्स्यविनोदात राजा माशांची वर्गवारी करतो. समुद्रातले आणि नदीतले. खवले असलेले आणि नुसत्या कातडीचे. मोठे आणि लहान. सुमारे पस्तीस प्रकारांची नावे त्याने दिली आहेत आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून पोसावे हेही सांगितले आहे. गळ आणि दोरी यांचा विचार त्यानंतर येतो. आधी चारावा, माणसाळवावा, मग धरावा, अशी ही राजेशाही मासेमारी. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक असलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि ही नावे आजच्या शास्त्रीय नावांशी जुळवण्याचा प्रयत्न केला. हे काम वाटते तितके सोपे नाही. 'रोहित' हा शब्द दिसला की आपण 'रोहू' म्हणून मोकळे होतो. परंतु आज बंगळूरच्या बाजारात ढिगाने दिसणारा रोहू हा मूळचा उत्तरेकडील मोठ्या नद्यांतला. दक्षिणेच्या तलावांत तो माणसाने आणून सोडला. बाराव्या शतकातील दख्खनच्या राजाने 'रोहित' म्हटले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर याच कुळातला पण इथल्या पाण्यातला एखादा निराळा मासा असणे अगदी शक्य आहे. जुन्या ग्रंथांतील प्राणी-वनस्पतींच्या नावांबाबत नेहमी असेच घडते : नाव टिकते, त्याखालचा जीव बदलतो.

खवले असलेले आणि नसलेले हा भेद राजाने काही नव्याने शोधला नव्हता. धर्मशास्त्राने तो फार पूर्वीच केला होता. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोहोंत कोणते मासे खाण्यास योग्य याचा विचार आहे. पाठीन, रोहित, राजीव, सिंहतुंड ही नावे तेथे येतात आणि त्यांच्याबरोबर सरसकट 'सशल्क' म्हणजे खवल्यांचे मासे येतात. आता योगायोग पाहा. याज्ञवल्क्यस्मृतीवरची सर्वांत गाजलेली टीका जी 'मिताक्षरा', जिच्या आधाराने इंग्रजी अमदानीतही आपल्याकडे वारसाहक्काचे खटले चालले, ती विज्ञानेश्वराने याच कल्याणीत, सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत लिहिली. पित्याच्या नगरीत शास्त्रकार खवल्यांच्या माशाचे भक्ष्याभक्ष्य विवरून सांगतो आणि पुत्राच्या नगरीत राजा तोच मासा तळायचा कसा ते सांगतो. मासा सोलणाऱ्या हातांना मात्र हा भेद शास्त्रातून कळण्याची गरज नव्हती. खवल्यांचा मासा आणि कातडीचा मासा यांची साफसफाई मुळातच निराळी असते.

अन्नभोगातील माशाची कृती अशी आहे : माशाचे तुकडे करून ते चांगले धुवावे, चिंचेच्या कोळाबरोबर शिजवावे, वर गव्हाचे पीठ भरपूर भुरभुरावे, तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावे, आणि मग सैंधव, वेलची व मिरे यांची पूड टाकावी. मिरची यात नाही, असण्याचे कारणही नाही. ती पोर्तुगीजांच्या मागून या देशात आली. ती वगळता ही कृती आजच्या कोणत्याही दख्खनी स्वयंपाकघरात परकी वाटणार नाही. पीठ लावून तेलात सोडलेली, चिंचेची आंबट झाक असलेली तुकडी आजही सोलापूरपासून म्हैसूरपर्यंत कुठेही मिळेल.

परंतु 'तुकडे करून चांगले धुवावे' एवढ्या चार शब्दांत राजाने केवढे काम लपवले आहे! हाच राजा डुकराच्या अंगावरचे केस उकळत्या पाण्याने कसे सोडवावे हे सविस्तर सांगतो. शेतातला उंदीर शेपटीला धरून गरम तेलात कसा बुडवावा, म्हणजे त्याचे केस निघून येतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. (श्रोत्यांनी क्षमा करावी, ग्रंथ राजाचा आहे, निवड माझी नाही.) माशाच्या बाबतीत मात्र तो धुण्यावर थांबतो. याचे कारण मला असे दिसते की, वराह मुदपाकखान्यात अख्खा येत असे आणि तिथल्या सुपकाराच्या देखरेखीखाली साफ होत असे. मासा मात्र पाण्याच्या काठीच, धरणाऱ्यांच्या वस्तीतच साफ होऊन येत असावा. राजाने जे पाहिले ते लिहिले. जे त्याच्या नजरेआड होत होते ते लिहिले गेले नाही. हा केवळ माझा तर्क आहे. पण आपल्याकडील पाकशास्त्रावरच्या ग्रंथांचा एकंदर कल पाहिला तर तो अगदीच निराधार ठरू नये. पदार्थ लिहिणारे हात आणि खवले काढणारे हात हे आपल्या समाजात क्वचितच एका घरचे होते. महाराष्ट्रात नदी-तळ्यांवर ते भोयांचे होते, इकडे कर्नाटकात बेस्तांचे, आणि दोन्हीकडे बव्हंशी त्यांच्या घरच्या स्त्रियांचे. तेव्हा जुन्या पोथीतली गाळलेली जागा भरायची असेल तर आज चालू असलेल्या कामाकडेच पाहावे लागते.

ते काम असे. खवल्यांचा मासा शेपटीला धरून शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या कलाच्या उलट खरवडतात. कोरडा पडलेला मासा खरवडण्यास कठीण, म्हणून तो ओला ठेवतात. मग पर कापतात. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत पोट चिरतात. चीर उथळ हवी, कारण सुरी वा विळी खोल गेली तर आतील पिशव्या फुटतात. कल्ले मुळापासून उपटून टाकतात. गाळ, जंतू आणि रक्त यांचे ते आगरच असतात आणि मासा सर्वांत आधी नासतो तो तिथून. आतडी निघाली की पोटाच्या आतल्या बाजूस काळपट पापुद्रा राहतो. तो आणि मणक्याखाली साकळलेली रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढली नाही तर तुकडीला कडवट चव येते. कातडीच्या माशांचा, म्हणजे शिंगटी, वांब, मागूर यांचा प्रश्न खवल्यांचा नसून बुळबुळीचा असतो. त्यांना चुलीतली राख चोळतात. राख क्षारधर्मी असते, तिच्यामुळे तो चिकट थर सुटतो आणि निसटणारा मासा हातात पकडताही येतो. राख मिळेनाशी झाल्यापासून शहरांतून जाडे मीठ आणि हळद यांवर काम भागवले जाते.

या सर्व कृतीत एक जागा अशी आहे की तिथे चूक झाली तर ती केवळ चवीची राहत नाही. यकृताला चिकटून हिरवट पित्ताची पिशवी असते. ती फुटली की मासा कडू होतो हे प्रत्येक कोळीण जाणते आणि म्हणून ती पिशवी अलगद सोडवून फेकून देते. परंतु काही ठिकाणी हेच पित्त औषधी समजून कच्चे गिळण्याची चाल आहे. रोहू आणि त्याच्या कुळातील माशांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाच्या द्रव्याची संयुगे असतात. ती मूत्रपिंडाला घातक असून शिजवल्यानेही नाहीशी होत नाहीत. असे पित्त घेतल्याने मूत्रपिंडे अकस्मात निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या आहेत. मधुमेह बरा होईल, दृष्टी सुधारेल या आशेने कोणी सुचविल्यास श्रोत्यांनी त्या सल्ल्यापासून शंभर हात दूर राहावे. कोळणीची फेकून देण्याची रीत हीच येथे खरी वैद्यकी होय.

आता चिंचेविषयी. समुद्राच्या माशाचा जो उग्र वास, तो बहुतांशी माशाच्या शरीरातील एका द्रव्याचे मरणोत्तर विघटन होऊन निर्माण होतो. गोड्या पाण्यातील माशांत ते द्रव्य फारच थोडे असते. त्यांचा वास निराळा : पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तसा, मातकट. त्याचे कारण मातीच असते म्हटले तरी चालेल. साचलेल्या पाण्यातील काही सूक्ष्म जीव आणि निळे-हिरवे शेवाळ 'जिओस्मिन' नावाचे द्रव्य तयार करतात, आणि ते माशाच्या कल्ल्यांतून व कातडीतून शिरून चरबीत साठते. आम्लाच्या योगाने या द्रव्याचे रूपांतर होऊन वास मावळतो. म्हणजे सोमेश्वराच्या आचाऱ्याने तुकड्या तळण्याआधी चिंचेच्या कोळात घातल्या, तेव्हा त्याने रसायनशास्त्र न शिकताच तलावातल्या माशाचा मुख्य दोष नेमका हेरला होता. कोकणात समुद्राच्या माशाला कोकम आणि देशावर नदीच्या माशाला चिंच, यांत केवळ रुचिभेद आहे असे मी पूर्वी समजत असे. आता त्यात थोडी अक्कलहुशारीही दिसते.

गोड्या पाण्यातील माशांची मराठी नावे शहरी मराठी माणसाला बहुधा ठाऊक नसतात. मासा म्हटला की त्याला पापलेट आणि सुरमई आठवते. ही नावे टिपून ठेवण्याचे श्रेय एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे जाते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची सांख्यिकीय पाहणी करीत होते. त्या भ्रमंतीत भीमा आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यांतले मासे त्यांनी गोळा केले, रेखाटून घेतले, आणि १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांचे वर्णन वाचले. नव्या माशांना लॅटिन नावे देताना त्यांनी धरणाऱ्यांच्या तोंडची नावेच कायम केली. म्हणून आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत 'रोह्टी', 'कोलस', 'नुक्ता', 'शिंगटी', 'मल्या', 'टाकरी' हे आपले गावठी शब्द लॅटिन वेष धारण करून बसलेले आढळतात. भोयांच्या बोलीला विद्यापीठात जागा मिळाली ती अशी, लंडनमार्गे.

साइक्सनंतरचे साहेब मात्र मासा निराळ्या नजरेने पाहत होते. १८०९ साली हलसूरच्या बाजूला इंग्रजांनी बंगळूरची छावणी वसवली, आणि छावणीबरोबर जेवणाचे टेबल, काटा-सुरी आणि माशाचे 'फिले' करण्याची पद्धत आली. फिले म्हणजे मासा आडवा ठेवून कल्ल्याच्या मागे मणक्यापर्यंत चीर द्यायची, मग सुरीचे पाते मणक्याला घासत शेपटीपर्यंत न्यायचे, आणि एका बाजूचे मांस सलग पाटीसारखे उचलून घ्यायचे. नंतर बरगड्या काढायच्या, कातडी सोडवायची. मद्रास इलाख्यातील साहेब-मडमांसाठी कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 'वायव्हर्न' या टोपणनावाने लिहिलेले पाकशास्त्राचे पुस्तक १८७८ साली निघाले. देशी आचाऱ्याला विलायती पद्धती शिकवाव्यात कशा, हा त्यातला एक अखंड धागा आहे. त्याच इलाख्यातील हेन्री सलिव्हन टॉमस या मुलकी अधिकाऱ्याने गळाने मासे धरण्यावर दोन ग्रंथ लिहिले. त्यांतील १८८७ चा ग्रंथ तर केवळ तलावांतील मासेमारीवर आहे. सोमेश्वरानंतर साडेसातशे वर्षांनी दक्षिणेत पुन्हा एकदा राज्यकर्त्या वर्गातील माणसाला मत्स्यविनोदावर लिहावेसे वाटले. फायलींच्या ढिगात दिवस घालवणाऱ्या आमच्या सेवेतील मंडळींना त्याचा हेवा वाटल्यास नवल नाही.

ही फिलेची पद्धत आपल्या घरांतून का रुजली नाही? केवळ सनातनीपणा म्हणून नव्हे. रोहू, कटला, खवल्या या माशांच्या मांसात, कण्याला न जोडलेले, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे फाटे फुटलेले बारीक काटे रुतलेले असतात, आणि त्यांची संख्या शंभराच्या घरात जाते. मणक्यावरून मांस कितीही कौशल्याने उचलले तरी हे काटे त्या मांसातच राहतात. वरून निष्कंटक दिसणारी ती सलग पट्टी खाणाऱ्याला अधिक धोक्याची. त्यापेक्षा मासा आडवा कापून तुकड्या केल्या तर काटा कुठे असणार हे बोटांना आधीच माहीत असते, आणि बोटांनी जेवणाऱ्याला तो वेगळा करणे कठीण जात नाही. ज्यांना फिलेच हवे त्यांनी कातडीकडची बाजू न तोडता मांसाला अगदी जवळजवळ आडव्या चिरा द्याव्यात, म्हणजे काटे बारीक तुटून तळताना कुरकुरीत होतात. मरळ आणि शिंगटी यांची गोष्ट निराळी. त्यांच्यात हे मधले काटे नसल्यासारखेच, म्हणून त्यांचे फिले सुरेख निघतात. बंगळूरच्या बाजारात मरळीला मिळणारा भाव चवीचा आहे तितकाच या सोयीचाही आहे. शिवाय मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे ती गिऱ्हाइकासमोर जिवंत ठेवता येते.

बंगळूर शहर पाण्याच्या दृष्टीने मोठ्या अडचणीच्या जागी वसले आहे. ते एका उंचवट्यावर आहे. पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते, पश्चिमेचे अर्कावतीवाटे कावेरीला. बारमाही नदी शहरात नाही. म्हणून १५३७ साली केंपेगौडाने नगर वसवले तेव्हापासून तळी बांधणे हाच येथील राज्यकर्त्यांचा पहिला धर्म ठरला. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे नगर जिंकून शहाजीराजांच्या जहागिरीत दिले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, १६८७ मध्ये ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हाती जाईपर्यंत, बंगळूर भोसल्यांकडे होते. त्यांच्या पदरच्या मराठी माणसांनी, देशावरून आल्यामुळे, याच तळ्यांतले मासे खाल्ले असतील. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजीराजांच्या दरबारातील अनेक भाषांच्या कवींची वर्णने आहेत. त्या दरबाराच्या पंगतीची तशी सविस्तर हकीकत असती तर किती बरे झाले असते!

त्या तळ्यांचे पुढे काय झाले हे बंगळूरकरांना सांगावयास नको. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक झाले, संपंगीच्या जागी क्रीडांगण. जी उरली त्यांत शहराचे सांडपाणी आले. मार्च २०१६ मध्ये हलसूरच्या तलावावर हजारो मासे एका दिवसात मरून तरंगू लागले, तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपल्याचे कारण सांगण्यात आले. येथे मासे साफ करण्याच्या साऱ्या कलेला मर्यादा पडते. खवले, कल्ले, आतडी, पित्त, काळा पापुद्रा हे सारे काढता येते. मातकट वासावर चिंच चालते. परंतु पाण्यातून मांसात उतरलेली जड धातूंची विषे ना विळीने निघत, ना हळदीने, ना तळण्याने. सोमेश्वराने 'चांगले धुवावे' असे लिहिले तेव्हा ज्या पाण्यातून मासा आला ते पाणी मुळात धुण्यालायक आहे, हे त्याने गृहीत धरले होते.

कल्याणीविषयी बोलताना आणखी एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. सोमेश्वराच्या मृत्यूनंतर अवघ्या दोन-तीन दशकांत याच नगरीत बसवेश्वरांचा शरण संप्रदाय उभा राहिला आणि त्याने मांसाहाराचा निषेध केला. त्या शरणांत अंबिगर चौडय्या नावाचे एक वचनकार होते. अंबिग म्हणजे नावाडी. ज्यांच्या नावा आणि जाळी पाण्यावर चालत त्या वर्गातला हा माणूस आपल्या वचनांतून भल्याभल्यांना खडे बोल सुनावतो. मत्स्यविनोदाचा राजा आणि हा नावाडी, दोघेही एकाच पाण्याच्या काठी, एका पिढीच्या अंतराने. माशाविषयीचे आपले दोन्ही भाव, त्याला खाण्याचा आणि त्याला जपण्याचा, दक्षिणेत असे शेजारी-शेजारी राहत आले आहेत. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर लोक माशांना मुरमुरे घालतात आणि कोणी जाळे टाकत नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहातील मोठमोठे खवले मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. तिथून मैलभर दूर गेले की तोच मासा बाजारात तुकड्यांनी मिळतो, आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही.

शिवाजीनगरच्या रसेल मार्केटची इमारत १९२७ सालची, त्या वेळच्या म्युनिसिपल कमिशनरांच्या नावाची. त्या परिसरात सकाळी मासळीच्या दुकानांपुढून गेले तर या सगळ्या इतिहासाचे थर एकावर एक दिसतात. रोहू आणि कटला येतात ते मुख्यत्वे मत्स्यसंवर्धनाच्या तळ्यांतून. १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या मस्तकग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांची कृत्रिम पैदास यशस्वी केली, त्या प्रयोगामुळे हे शक्य झाले. १९५२ साली परदेशातून आणलेला तिलापिया येथे 'जिलेबी' या गोड नावाने विकला जातो. आमच्या उजनीकडे त्याला 'चिलापी' म्हणतात. आफ्रिकन मागूर पाळण्यास केंद्र सरकारने २००० सालापासून बंदी घातली आहे, तरीही तो मधूनमधून जप्त होत असतोच, आणि बंदी घालणे व ती अमलात आणणे यांतील अंतर किती असते हे आमच्या खात्यांना वेगळे शिकवण्याची गरज नाही. मासा तोलून झाला की कापणारा मान वर न करता कन्नडमध्ये, दखनीत किंवा तमिळमध्ये विचारतो : रश्शाच्या तुकड्या, तळणीच्या, की फिले? डोके ठेवायचे की काढायचे? उत्तर मिळेपर्यंत शेपटीकडून खरवडायला त्याने सुरुवातही केलेली असते.